खोडलेलं वाचणाऱ्या वन्सं

भांडण ऐकू आलं की पाय आपोआप थांबतात, त्याला मी तरी काय करणार? त्या दिवशी मी डबा घेऊन शाळेच्या व्हरांड्यात उभी होते आणि हेडसरांच्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. पस्तीस वर्षं तरी झाली असतील. आत आमच्या वन्सं होत्या, म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी धाकट्या, पण नात्याने मान त्यांचा. म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायची आणि त्या मला वहिनी म्हणून अगं-तुगं. त्या सातवीला भाषा शिकवायच्या.

"बाई, ही वही आहे की यावरून कोंबडी नाचून गेलीय?" हेडसर म्हणत होते. "एक ओळ धड नाही. आणि हिला वीसपैकी एकोणीस?"

"कोंबडी कुठून आली आणि कुठे गेली ते कळतंय ना सर, म्हणून एकोणीस."

"आणि ही बघा. मोत्यासारखं अक्षर, एक डाग नाही. हिला अकरा?"

"ते तिच्या मोठ्या भावाने सांगितलंय, तिने उतरवलंय."

"तुम्ही काय त्यांच्या घरी बसला होतात?"

"ती कुठेच अडकलेली नाही, सर. बारा वर्षांची पोर दोन पानं चालली आणि एकदाही ठेच लागली नाही. म्हणजे ती चाललेलीच नाही, तिला कुणीतरी उचलून नेलंय."

"पालक माझ्या अंगावर येतात, बाई. त्यांना काय सांगू? घाण करा, मार्क मिळतील?"

"माझ्याकडे पाठवा. माझं अंग मोकळंच आहे."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि वन्सं बाहेर आल्या. मला बघून म्हणाल्या, "ऐकलंस?"

"छे, आत्ताच आले मी."

"डबा गार झालाय, वहिनी."

हे भांडण कशावरून होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. शाळेत मुलांना निबंधाच्या दोन वह्या असायच्या. कच्च्या वहीत आधी लिहायचं, खोडायचं, जुळवायचं, आणि मग पक्क्या वहीत सुबक उतरवून काढायचं. सगळे शिक्षक पक्की वही तपासत. वन्सं कच्ची तपासायच्या. पक्कीवर नुसती सही. आणि त्यांचा नियम एकच होता: खोडायचं तर एकच रेघ मारून खोडायचं. खालचं वाचता आलं पाहिजे. गिचमिड केली की दोन मार्क गेले. मुलं त्यांना पाठीमागे 'खाडाखोड बाई' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. मला वाटतं आवडतही होतं.

वन्संनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "दर वर्षी चाळीस नवी पोरं येतात, आणखी कशाला?" आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायच्या. दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर, खिडकीच्या बाजूला, वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायच्या. लाल पेन कधी वापरलं नाही. पेन्सिल. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला निबंधातलं काय कळणार? मी चहा ठेवायला जायची आणि तिथेच अडकायची.

एकदा त्यांनी मला एक ओळ दाखवली. कुणा पोरीने लिहिलं होतं, "माझे बाबा रागीट आहेत." 'रागीट'वर एक रेघ मारली होती आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दमलेले."

वन्सं नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी चहाचा कप हातात घेऊन उभी. म्हटलं, एवढ्याशा पोरीच्या डोक्यात एका रेघेच्या वेळात काय काय होऊन गेलं असेल. पक्क्या वहीत फक्त 'दमलेले' आलं असतं आणि आपल्याला कधी कळलं नसतं. त्या दिवसापासून मी वन्संकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. आमचे हे म्हणायचे, "तिला लोकांच्या चुका वाचायची हौस आहे." मी म्हणायची, "तुमच्या वाचत नाही हे नशीब समजा."

अशी वर्षं गेली. हेही गेले. वन्सं निवृत्त झाल्या, पण सातवीची भाषा घ्यायला शाळेत दुसरं कुणी तयार होईना, म्हणून त्यांना ठेवून घेतलं. गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याच्या काचा जाड झाल्या, पण रविवारचा गठ्ठा काही सुटला नाही.

आणि मग ते लिहिणारं मशीन आलं.

मशीन म्हणजे काही वेगळी वस्तू नाही, आपल्या फोनमध्येच असतं. मला ते आमच्या टिटवीने दाखवलं. टिटवी म्हणजे माझी नात, सारखी बोलत असते म्हणून टिटवी. ती तेव्हा सातवीत होती, म्हणजे वन्संच्याच वर्गात. मी भाताचं झाकण काढत होते, तेवढ्यात ती फोनला म्हणाली, "आजीवर निबंध लिही." झाकण खाली ठेवेपर्यंत निबंध तयार. तिने वाचून दाखवला. अगदी सुंदर होता. आजीच्या पदराचा वास, तिच्या थरथरत्या हाताचा घास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदर बघितला तर त्याला फोडणीचा वास येत होता.

"याची आजी कोण गं?" मी विचारलं.

"याला आजी नसते."

"मग एवढी माया आली कुठून?"

"सगळ्यांच्या आज्या वाचून."

मी खरंच थक्क झाले. जगातल्या सगळ्यांच्या आज्या एका ठिकाणी गोळा झाल्यात आणि बोलावलं की येतात. ज्याने हे केलं त्याला नमस्कार करावा असंच वाटलं मला, उगाच खोटं कशाला सांगू?

वन्संनीही ते बघितलं. टिटवीला तीन वेगवेगळे विषय द्यायला लावले, तिन्ही निबंध चष्मा पुसून पुसून वाचले. मग म्हणाल्या, "छान लिहितं. माझ्यापेक्षा छान."

"मग?" टिटवी म्हणाली.

"मग काही नाही. कुठे अडकतच नाही बिचारं."

पण शाळेत गोष्ट एवढी साधी राहिली नाही. घरून येणारा प्रत्येक निबंध एकदम गुळगुळीत यायला लागला. शिक्षक एकमेकांत म्हणत, हे पोराने लिहिलंय की फोनने, काय कळायचं? एखाद्याने खरंच चांगलं लिहिलं तरी कुणी शाबासकी देईना. नव्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी यावर उपाय म्हणून कॉम्प्युटरवर दुसरं मशीन आणलं. त्यात निबंध टाकला की ते सांगतं, मशीनने लिहिलेला किती आणि माणसाने किती. चोर ओळखायला चोराचा भाऊ ठेवला, असं वन्सं म्हणाल्या. तोंडावर नाही, घरी.

त्या मशीनने वन्संच्या वर्गातल्या एका मुलीला पकडलं. बस चालवणाऱ्या ड्रायव्हरची मुलगी. मशीन म्हणालं, शंभरातले एक्याण्णव भाग हिने लिहिलेलेच नाहीत. मोठ्या बाईंनी शून्य दिलं. मुलगी रडून रडून सुजली, दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचे वडील ड्युटीच्या कपड्यांतच शाळेत आले आणि म्हणाले, "आमच्या घरात एकच फोन आहे आणि तो दिवसभर माझ्या खिशात असतो. मग हिने कशावर लिहून घेतलं, बसच्या हॉर्नवर?"

वन्संनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, "तिने स्वतः लिहिलंय. मी तिची कच्ची वही बघितलीय. मशीन कशाला हवं? कच्ची वही बघा. माझ्या कच्च्या वहीत खोटं शिरत नाही."

मोठ्या बाई काही वाईट नव्हत्या. त्यांच्या मागे हजार व्याप होते आणि त्यांना एक सरळ उत्तर हवं होतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या गुरुवारी पालकांची सभा आहे. तुमच्या दहा कच्च्या वह्या आणा आणि सगळ्यांसमोर दाखवा. पालकांना पटलं, तर या मुलीचं शून्य मी काढते आणि सातवीला मशीन लावत नाही. नाही पटलं, तर मशीन म्हणेल ते."

वन्सं घरी आल्या त्या तरण्या होऊन आल्या. वर्गाला नवा विषय दिला होता, 'घरातलं एक काम, नीट बघून लिहिलेलं.' रविवारी वह्या तपासायच्या, त्यातल्या दहा निवडायच्या.

आता माझा गुन्हा.

शुक्रवारी दुपारी टिटवी स्वयंपाकघरात वही घेऊन बसली. समोर फोन. त्यात बघायची आणि वहीत उतरवायची. मध्येच म्हणाली, "आजी, यातला कुठला शब्द खोडू?"

"कशाला खोडायचा?"

"खोडावंच लागतं. निदान सहा तरी हवेत. आत्याआजी मोजते."

मला वाटलं, असेल काही अभ्यासाचा प्रकार. म्हणजे खरं तर मी तसं वाटून घेतलं. म्हटलं, "वाच बघू."

ती वाचायला लागली. "माझी आजी रोज सकाळी अतिशय प्रेमाने कपडे वाळत घालते."

"प्रेमाने? ओल्या चादरी उचलताना कंबर जाते माझी. खोड ते."

"मग काय लिहू?"

"'कण्हत' लिही."

"तिच्या सुरकुतलेल्या हातांमध्ये मायेची ऊब असते."

"गार पाण्यात तासभर बुडलेले हात ते, ऊब कुठली आलीय त्यांत? 'गार पडलेले' लिही."

"वाऱ्यावर डोलणारे कपडे जणू तिच्याशी गप्पा मारतात."

"मी एकटी असते गच्चीत, कुणी बोलत नाही माझ्याशी. असं लिही, चादर दोरीच्या कडेला घालते, मध्ये घातली तर दोरीला झोळ पडतो आणि चादर खाली टेकते. आणि शर्ट उलटा टांगते, म्हणजे चिमट्यांची खूण खांद्यावर उमटत नाही."

असं करता करता आठ जागी खोडून झालं. मला तर मजा आली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला विचारत होतं की कपडे कसे वाळत घालतात. शेवटी टिटवीने स्वतःच काहीतरी लिहिलं, बघितलं आणि घासघासून काळं केलं. मी म्हटलं, "एकच रेघ ना?" ती म्हणाली, "हे नकोच होतं." आणि वही मिटली.

रविवारी सकाळी वन्सं खिडकीपाशी बसल्या. टिटवीची वही आली आणि त्या थांबल्या. पेन्सिल खाली ठेवली. मी ओट्यापाशी होते.

"वहिनी, इकडे ये. बघ आपल्या कार्टीने काय लिहिलंय. 'प्रेमाने' खोडून 'कण्हत'. अगं, मी समजत होते ही सारखी बडबडते, हिला दिसत काही नाही. ही तर बघते. चादर कडेला, शर्ट उलटा. मोठ्या माणसाला सुचणार नाही हे."

मोठ्या माणसाला नाही सुचणार. मी पदराने नुसते हात पुसत राहिले.

वीसपैकी अठरा दिले. शेवटच्या गिचमिडीचे दोन कापले. आणि ती वही दहांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. टिटवी घरात एवढी गप्प की तिच्या आईने ताप बघितला. मी दर खेपेला ठरवायची, आता सांगते, आणि दर खेपेला वन्संचा चेहरा बघून शेपूट घालायची. न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? मला, टिटवीला आणि त्या फोनला. पण मग मनात यायचं, ही बाई गुरुवारी शंभर माणसांसमोर ही वही उंच धरणार आणि सांगणार की यात खोटं शिरत नाही. माझ्या हातून तिच्या तोंडी खोटं घातल्यासारखं ते.

बुधवारी दुपारी त्या शाळेतून आल्या, हातपाय धुतले, आणि मी सगळं सांगून टाकलं. भांडी घासता घासता सांगितलं, म्हणजे त्यांच्याकडे बघायला नको.

मागून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वळून बघितलं, तर टिटवीची वही उघडून बसल्या होत्या.

"'कण्हत', तुझं," त्या म्हणाल्या. "'गार पडलेले', तुझं. झोळ, तुझा. बाकी सगळं त्या फोनचं."

"हो."

"अक्षर तेवढं पोरीचं."

मी मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वहीकडे अशा बघत होत्या की जणू कुणाला हाक मारली आणि भलत्यानेच ओ दिली.

"मला माणूस दिसला होता गं इथे," त्या हळू म्हणाल्या. "खोटं नव्हतं ते. फक्त माणूस दुसराच होता."

मग पान उलटता उलटता त्यांचं बोट त्या काळ्या गिचमिडीवर थांबलं. जिथे दोन मार्क कापले होते तिथे. त्यांनी पान सुटं केलं, खिडकीच्या काचेवर उलटं धरलं आणि मागून बोट फिरवत राहिल्या. पेन दाबून लिहिलेलं होतं, पाठीमागे वळ उठले होते. भिंग मागितलं, मी दिलं. एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं, मी शेजारी उभी.

"बादली वर नेताना जिन्यावर थेंब पडतात. मी मागून त्यांच्यावर पाय ठेवत जाते. आजीला माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. रोज सकाळी मी बादली घेऊन कण्हत जिना चढते, आणि माझ्या मागून ती अनवाणी, एकेका थेंबावर पाऊल ठेवत येते. मागे कधी वळून बघितलंच नाही मी.

वन्संनी टिटवीला हाक मारली. ती दारातच उभी होती, बहुतेक सगळं ऐकत.

"हे का खोडलंस?"

"ते बाकीच्यासारखं नव्हतं," टिटवी म्हणाली. "बाकीचं छान होतं. हे मधेच कसंतरी वाटत होतं."

वन्संनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "दोन पानांत एक ओळ तुझी होती, आणि तिचेच मी मार्क कापले. पस्तीस वर्षं मी हेच करत नसेन कशावरून?"

"नाही हो वन्सं," मी म्हटलं.

"तू गप्प बस. तुला काय माहीत? मलाच माहीत नाही."

रात्री जेवल्या नाहीत. सकाळी मी म्हटलं, "ती वही काढून दुसरी ठेवा, नऊ खऱ्याच आहेत." त्यांनी दहाही वह्या पिशवीत घातल्या, तीच सगळ्यात वर, आणि केस विंचरून निघाल्या. टिटवीचे आईबाप कामावर, म्हणून पालक म्हणून मीच गेले.

शाळेच्या हॉलमध्ये पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. पंखा कुरकुरत होता. मोठ्या बाईंनी प्रस्तावना केली आणि वन्सं उठल्या. पहिली वही उचलली.

"ही माझ्या भावाच्या नातीची वही," त्या म्हणाल्या. "वर्गात सगळ्यात जास्त मार्क मी हिला दिले. हे फोनने लिहिलंय. खाडाखोड हिच्या आजीने सांगितलीय, ती त्या तिकडे बसलीय, निळं पातळ. मी तुमच्या मोठ्या बाईंना सांगितलं होतं की माझ्या कच्च्या वहीत खोटं शिरत नाही. शिरलं. माझ्याच घरातून शिरलं आणि मला कळलं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खरं सांगते, त्यातही मी वन्संकडेच बघत होते. मला माझ्या जावेसमोर भातात मीठ जास्त पडलं हे कबूल करता आलं नाही कधी. आणि ही बाई आयुष्यभराची कमाई सगळ्यांसमोर टेबलावर ठेवून सांगत होती की यात खोट निघाली.

ड्रायव्हर उठून उभे राहिले. "मग माझ्या मुलीचं काय, बाई? तुमचंही चुकतं, मशीनचंही चुकतं, आणि शून्य तेवढं तिचं बरोबर?"

"कागद बघून मला सांगता येत नाही," वन्सं म्हणाल्या. "कॉम्प्युटरलाही येत नाही. तुमची मुलगी आलीय?"

"बाहेर उभी आहे."

"तिला विचारा, माझ्याजवळ बसून लिहील का. नको म्हणाली तर नको. मग आपण दुसरं काही बघू."

मुलगी आली. वेणी घट्ट, ओठ त्याहून घट्ट. वन्संनी तिला कोपऱ्यातल्या खिडकीपाशी नेलं, सगळ्यांकडे पाठ करून बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"तो निबंध लिहिताना कुठे अडकली होतीस?" त्यांनी विचारलं.

"शेवटी. बाबा घरी येतात तिथे."

"तिथूनच लिही. मी बघणार नाही. मी बाहेर बघते."

आणि खरंच त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मुलगी पेन धरून बसली. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागे कुणी खोकलं तर शेजारच्याने हात दाबला. कुणीतरी उठून पंखा बंद केला. मोठ्या बाई हातातले कागद विसरून उभ्या होत्या. मग पेन चालल्याचा आवाज आला. कागदावर पेनाचा आवाज येतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. थोडा चालला, थांबला. एक रेघ ओढल्याचा आवाज आला, सरळ, छोटा. परत चालला. शंभर माणसं एका पोरीच्या पाठीकडे बघत श्वास धरून बसली होती, आणि तिच्या डोक्यातून एक वाक्य बाहेर येत होतं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसं वाटलं मला.

दहा मिनिटांनी वन्संनी विचारलं, "वाचू का?" मुलीने मान हलवली.

"बाबा घरी आले की आधी खुर्चीत बसतात. हात पुढे धरतात, स्टिअरिंग असल्यासारखे. मग त्यांना कळतं की घर आहे. मग हात खाली घेतात."

ड्रायव्हरने आपल्या हातांकडे बघितलं. ते दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर होते, तसेच, गोल धरलेले. ते खाली बसले आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"शून्य काढते," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण बाई, तुमच्या कच्च्या वह्यांचं काय करायचं?"

"त्यांचे मार्क बंद करा. मी प्रत्येकाजवळ बसेन. दहा दहा मिनिटं."

"त्रेचाळीस मुलं आहेत."

"रोज तीन होतील. मधल्या सुट्टीत एक, सुटल्यावर दोन."

"आणि तुमचे गुडघे?"

"बसायचंच तर आहे," वन्सं म्हणाल्या.

असं पस्तीस वर्षांचं काम वन्संनी एका सकाळी स्वतःच्या हाताने संपवलं आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नवं सुरू केलं. सगळी शाळा काही बदलली नाही. बाकीच्या वर्गांना मोठ्या बाईंनी मशीन ठेवलंच. रविवारचं टेबल मात्र मोकळं झालं. टिटवीने निबंध पुन्हा लिहिला, थेंबांपासून सुरू करून, आणि हट्टाने माझ्याबरोबर गच्चीत यायला लागली. चिमटे सांडते, पण असो.

मी एकदा वन्संना विचारलं, "दहा मिनिटं नुसतं बसून करता काय तुम्ही?"

"काही नाही. पोर अडकलं की मीही अडकते. ते सुटलं की मी सुटते."

"त्याने काय होतं?"

"माहीत नाही, वहिनी. पण शेजारी कुणी वाट बघतंय म्हटलं की पोरं ते खोडत नाहीत. कसंतरी वाटणारं." मग जराशाने म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत मी फक्त वाचत होते. ते येताना कधी बघितलंच नव्हतं. काय असतं गं ते. हात थांबतो, पोर कुठेतरी जातं, आणि परत येतं ते काहीतरी घेऊनच येतं. कुठून आणतं, देव जाणे."

सत्तराव्या वर्षी त्यांच्या तोंडावर हे नवल होतं. शाळेत पहिल्या दिवशी जाणाऱ्या पोरीचं असतं तसं.

दोन वर्षं हे चाललं. गेल्या वर्षी एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास नाही, कुणाची सेवा नाही. आदल्या दिवशी यादीतल्या तिघी राहिल्या होत्या. त्यातल्या एकीचा पाय प्लास्टरमध्ये, ती महिनाभर शाळेत येणार नव्हती. वन्सं म्हणाल्या, "घरी जाऊन येते." गुडघ्यांमुळे मी बरोबर गेले.

तिसरा मजला. वडील शिंपी, बाहेरच्या खोलीत शिलाईचं मशीन चालू होतं. वन्संनी सांगितलं की दहा मिनिटं मुलीजवळ बसायचंय. त्यांनी काही विचारलं नाही, चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं आणि मला स्टूल दिलं. आम्ही दोघं गप्प बसलो, मध्ये अर्धवट शिवलेली बाही. उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. पोरीने उशीवर वही ठेवली होती. वन्सं पलंगाच्या कडेला बसून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होत्या. पोरीने पेन तोंडात घातलं, काढलं, काही लिहिलं नाही. वन्संनी घड्याळ बघितलं नाही. खूप वेळाने तिने एक ओळ लिहिली, आणि आणखी अर्धी.

"राहिलेली तुला येईल तेव्हा," वन्सं म्हणाल्या, आणि वाचू का म्हणून विचारलं. पोर नको म्हणाली. वन्सं बरं म्हणाल्या.

आम्ही कठडा धरून खाली उतरलो. वरती शिलाईचं मशीन पुन्हा सुरू झालं. फाटकाशी थांबून वन्संनी पिशवीतून वर्गाची यादी काढली, मुलीच्या नावापुढे पेन्सिलीने टिंब केलं, "अजून दोघी राहिल्यात" म्हणाल्या आणि यादी घडी करून परत ठेवली. मग आम्ही कोपऱ्यावर भाजी घेतली आणि घरी आलो.